स्लोव्हाकियातून आलेला दिवाळीचा फोटो

नाशिकच्या फूलबाजारात शेवंतीचे ढीग दिसायला लागले की मला ते प्रकरण आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कुठल्या आरोपीने कुठला गुन्हा केला, हे सांगताना माझी गल्लत होते. या प्रकरणात होत नाही. यात मी रक्त पाहिलं नाही, हत्यार पाहिलं नाही, प्रेतसुद्धा पाहिलं नाही. ते दुसऱ्या खंडातल्या एका लहानशा गावात होतं.

नावं कुणाचीच लिहीत नाही. त्या गावाचंही नाही. देश मात्र सांगायला हवा: स्लोव्हाकिया. तो कुठे आहे हे मलाही तेव्हा नकाशात शोधावं लागलं. पोलंडच्या खाली, ऑस्ट्रियाच्या उजव्या अंगाला.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गंगापूर रोडचा काही भाग आमच्या हद्दीत येत असे. शिकवणी वर्ग, दवाखाने, हॉटेलं आणि मधूनमधून परदेशी नोकरी लावून देणाऱ्यांची काचेची ऑफिसं. सकाळची हजेरी झाली, रात्रीच्या गस्तीचा अहवाल ऐकला, कोठडी पाहिली की मी कागदावर तीन रकाने आखून बसत असे: कळलेलं, ऐकलेलं, तपासायचं. घरी अजूनही ही सवय आहे. बायको म्हणते, किराण्याचीसुद्धा चौकशी लावता.

दिवाळी होऊन थोडे आठवडे झाले होते. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "साहेब, नाव सांगत नाही. पण उगाच केलेला फोन वाटत नाही."

पलीकडे एक तरुण आवाज होता. मागे एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती.

"साहेब, एक माणूस मेला हाय. आन त्याच्या घरी म्हाईत नाय."

"कुठे मेला?"

"लांब. फॉरेनला. आम्ही बरोबर कामाला व्हतो. आम्हाला सांगितलं, बॉडी इमानात घालून घरी पाठवली. मी आता सुट्टीवर आलो. म्हटलं, दुखवट्याला जाऊन यावं. गेलो तर दारात रांगोळी. त्याची बायको कुंकू लावून बाहेर आली. म्हातारा म्हणतो, बस, च्या घे, आमचा पोरगा कसा हाय तिकडं? काय सांगू साहेब? च्या पिलो आन निघालो."

"तू सांगितलं का नाही?"

"माझ्या तोंडून कसं निघंल? आन माझा पासपोर्ट एजंटकडं हाय."

त्याने एजंटचं नाव सांगितलं, मयताचं गाव सांगितलं आणि फोन ठेवला. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली. पहिला रकाना रिकामा राहिला. जे होतं ते सगळं 'ऐकलेलं' मध्ये गेलं. निनावी फोनवर कुणाला विधवा करता येत नाही.

ते कुटुंब शहराच्या कडेला राहणारं. फुलं आणि भाजीपाला करणारं. मी साध्या कपड्यात एका महिला हवालदाराला घेऊन गेलो. खोटं सांगायचं नाही आणि सगळंही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. "एका एजंटबद्दल तक्रार आली आहे, त्याने पाठवलेल्या मुलांच्या घरी चौकशी करतो आहोत," एवढंच म्हणालो. ते खरंच होतं.

म्हातारे वडील ओट्यावर शेवंतीच्या क्रेटला सुतळी बांधत होते. मी त्यांना आबा म्हणू लागलो. सून पाणी घेऊन आली. पस्तिशीच्या आतली, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"आबा, मुलगा काय करतो तिकडे?"

"कारखान्यात व्हता. आता नाय." म्हाताऱ्याने सुतळीला गाठ मारली. "एजंट म्हणतो, पळाला. काम सोडून दुसऱ्या देशात गेला. बोभाटा केला तर तिकडचे पोलीस धरतील, म्हणून आम्ही गप हाय."

"तुम्हाला पटतं?"

"पोरगा माझा सरळ. पण माणसाचं काय सांगावं साहेब? एक बाई फोन उचलते."

सून आत वळली होती, ती थांबली. म्हाताऱ्याने तिच्याकडे न बघता सांगितलं. ऐन दिवाळीच्या सुमाराला सुनेच्या मोबाइलवर एका अनोळखी परदेशी नंबरवरून फोटो आला. अक्षर एक नाही, फक्त फोटो. त्या नंबरवर सुनेने फोन लावला, तर पलीकडून बाईचा आवाज. काहीतरी बोलली आणि फोन बंद. त्यावरून भावकीत चर्चा सुरू झाली होती, की याने तिकडे गोरी बाई ठेवली. सुनेच्या माहेरी निरोप गेला होता की पोरीला घेऊन जा.

"ती नुसती बोलली नाय," सून म्हणाली. "रडत व्हती."

"कोण?"

"फोनवरची बाई. मी ह्यांचं नाव घेतलं आन ती रडायला लागली."

"घे, आता सवतीची बाजू घेते," आतून सासूचा आवाज आला.

मी ते वाक्य मनात ठेवलं. दुसरीचा नवरा घेऊन बसलेली बाई त्याच्या बायकोचा फोन आला तर फोन कापते, भांडते, किंवा उचलतच नाही. रडत नाही.

"फोटो दाखवा," मी म्हणालो.

म्हाताऱ्याचा चेहरा जरा उजळला. "हां, बघा. फोटो बघून बरं वाटलं. कुठं का असंना, दिवाळी केली पोरानं. शेवंती बघा केवढी. आपल्यापेक्षा मोठं फूल हाय."

फोटोत अंधार होता आणि अंधारात दिवे. लाल काचेच्या झाकणांतले, पिवळे, पांढरे. ओळीच्या ओळी, मागे मागे लहान होत गेलेल्या. मधोमध पिवळ्या शेवंतीच्या तीन-चार कुंड्या आणि त्यांच्याभोवती दाटीने मांडलेले दिवे. माणूस एकही नाही. एका कडेला ताजी उकरलेली माती आणि एका लाकडी खांबाचा खालचा भाग.

मी तो फोटो बराच वेळ बघितला असावा, कारण महिला हवालदार माझ्याकडे बघू लागली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ख्रिस्ती दफनभूमीत बंदोबस्त लागतो. त्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मी फौजदार असताना तो बंदोबस्त माझ्याकडे असायचा. फाटकाशी उभं राहून संध्याकाळभर ते दृश्य मी पाहिलेलं होतं. दिव्यांच्या ओळी अशाच, आणि ओळींमधल्या वाटा अशाच. या कुटुंबाने तसं काही पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे दिवे आणि शेवंती एकत्र येतात ते एकाच सणाला.

"हा फोटो अजून कुणाला दाखवला होता?"

"एजंटला," म्हातारा म्हणाला. "इचारलं, हे काय हाय? तो म्हणाला, आपली पोरं तिकडं जमून अशीच दिवाळी करतात. काळजी करू नका."

निघताना सून मळ्याच्या बांधापर्यंत आली. हवालदार पुढे गेली होती.

"साहेब, तुम्ही फोटो बघून गप झाले."

मी बांधावर थांबलो.

"पळाला असंल तर तसं सांगा. मेला असंल तर तसं सांगा. मधलं काय सांगू नका. मधल्यातच मी बसलेली हाय."

"ताई, खात्री केल्याशिवाय मी काही सांगणार नाही. केल्यावर लपवणार नाही."

"माहेराहून भाऊ येणार हाय न्यायला. त्याच्या आत सांगा."

ठाण्यात आल्यावर तिसरा रकाना भरला. फोन करणाऱ्या मुलाला शोधायचं. एजंटला बोलवायचं. त्या परदेशी बाईशी तिच्या भाषेत बोलायचं. आमचा एक शिपाई म्हणाला, "साहेब, मोबाइलवर भाषांतर होतं ना." होतं. पण माणूस मेला की जिवंत आहे, हे मोबाइलच्या भाषांतरावर ठरवायचं नसतं.

तो मुलगा सापडायला वेळ लागला नाही. चहा पिऊन एक शब्द न बोलता, जाताना पाया पडून गेलेला मुलगा म्हाताऱ्याच्या चांगला लक्षात होता. कळवणकडचा. मी त्याला ठाण्यात बोलावलं नाही. कळवणला जाऊन स्टँडसमोरच्या हॉटेलात त्याच्यासमोर बसलो. घाबरलेल्या साक्षीदाराला ठाण्याची पायरी चढायला लावली की तो अर्धं विसरतो.

त्याने सांगितलं ते असं. कारखाना गाड्यांचे सुटे भाग करणारा. राहायची सोय कारखान्यापासून दूर, एका खेड्यात, तिथल्या लोकांच्या घरांतून. सुट्टीच्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम मुलांना दुसऱ्या कामांवर न्यायचा. बिनकागदाचं काम. त्या दिवशी एका जुन्या गोठ्याचं छप्पर उतरवायचं होतं. पत्रा जुना होता. आबांचा मुलगा त्यावरून पाय टाकत गेला आणि आरपार खाली आला.

"कमरेला दोरी होती?"

"नाय. हेल्मेटबी नाय. मी खाली व्हतो. मुकादमानं गाडीत घातलं. दवाखाना लांब हाय. दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळ्यांना दुसऱ्या गावात हलवलं. म्हणले, तो वारला, एजंटनं घरच्यांना कळवलं, बॉडी पाठवली."

"मग फोन का केला नाहीस घरी?"

"पोरगा गेलेल्या घरी फोनवर काय बोलू? समोर जाऊन भेटायचं असतं ना साहेब."

त्याचं चूक म्हणता येत नाही. आमच्याकडे रीत तीच आहे. मी जबाब लिहून घेतला आणि पासपोर्टची काळजी करू नको, तो काढून घेणं हाच गुन्हा आहे, असं सांगितलं.

एजंट बोलावल्याबरोबर आला. चांगला शर्ट, गोड बोलणं. ठाण्याच्या आवारात शिरतानाच त्याने दोन ओळखीच्या नेत्यांची नावं सहज घेतली.

"सर, युरोप है. पोरं पळतात. आम्ही काय करणार? इथून जाताना आईबापाच्या पाया पडतात, तिकडे जाऊन हवा लागते."

"शेवटचं बोलणं कधी झालं त्याच्याशी?"

"आता नेमकं कसं सांगू, सर? शेकडो पोरं आहेत."

"तुम्ही गेला आहात त्या गावात?"

"दोनदा. एकदम शांत गाव. म्हातारी माणसं सगळी."

मी फोटोची मोठी प्रत काढून घेतली होती. ती टेबलावर ठेवली आणि काही विचारलं नाही. अशा वेळी माणसाचे हात बघायचे असतात. ज्याला एखादं चित्र कळत नाही तो ते जवळ घेतो, फिरवतो, विचारतो. ज्याला कळतं तो परत सरकवतो. एजंटने एका नजरेत ते पाहिलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"काहीतरी फंक्शन असेल, सर."

"म्हाताऱ्याला तुम्ही दिवाळी सांगितलंत."

"त्याला बरं वाटावं म्हणून."

"कशाचं बरं वाटावं?"

त्याने पाणी मागितलं. मी त्याला त्या दिवशी जाऊ दिलं, पण ऑफिसवर साध्या वेषातला माणूस बसवला. हातात पुरेसं असल्याशिवाय अटक केली की आरोपीलाच वेळ मिळतो.

दुभाषी मिळाली ती नाशिकरोडला. दातांचा दवाखाना चालवणारी डॉक्टर, शिक्षण त्याच देशात झालेलं. पेशंट आटोपून ठाण्यात आली. आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. तिने त्या परदेशी नंबरवर फोन लावला आणि स्वतःची ओळख सांगितली. पलीकडून घाईघाईने बोलणाऱ्या म्हातारीचा आवाज आला. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. त्यांनी कागदावर लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"त्या म्हणतात, देवाचे आभार. त्याच्या घरच्यांच्या बाजूने पहिल्यांदा कुणीतरी मला कळेल असं बोललं."

ती म्हातारी आबांच्या मुलाची घरमालकीण होती. एकटी राहणारी. मुलगा जर्मनीत, मुलगी ऑस्ट्रियात. त्या गावातली निम्मी घरं तशीच होती. त्यांची पोरं श्रीमंत देशांत कामाला गेलेली, त्यांच्या रिकाम्या खोल्यांत आपली पोरं राहायला आलेली. आबांच्या मुलाचा मोबाइल एकदा बिघडला होता, तेव्हा त्याने म्हातारीच्या फोनवरून बायकोला फोन केला होता. नंबर तिच्याकडे आला तो असा.

थोड्या वेळाने तिने गावच्या सरपंचबाईला बोलावून घेतलं आणि व्हिडिओ सुरू झाला. सरपंचबाईने फोन हातात धरून आम्हाला गाव दाखवलं. तपासासाठी त्याची गरज नव्हती, पण मी थांबवलं नाही. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची घरं, मध्ये चर्च, शेवटाला टेकडी. विजेच्या खांबांवर भोंगे लावलेले. गावातली प्रत्येक सूचना त्यावरून होते: पाणी बंद राहणार, कोंबड्या विकायला आल्या, अमुक वारला. बसथांब्यावर एक फळा, त्यावर काळ्या चौकटीच्या मृत्यूच्या सूचना चिकटवायच्या. आपल्याकडे चौकात बॅनर लागतात, तसंच.

"त्याचीही लावली होती," सरपंचबाई म्हणाली. "खाली नातेवाइकांची नावं घालायची असतात. आमच्याकडे एकही नाव नव्हतं. मग आम्ही लिहिलं, गावकरी."

डॉक्टरीणबाईंनी ते मराठीत सांगितलं आणि माझा लेखनिक हवालदार, जो सहसा लिहिताना मान वर करत नसे, त्याने मान वर केली. "शोकाकुल, समस्त ग्रामस्थ," तो म्हणाला. "साहेब, असंच लिहू का?"

"असंच लिही," मी म्हणालो.

घरच्यांची संमती होती, असं सरपंचबाईने सांगितलं. मुकादमाने कागद आणून दिला होता. वडिलांच्या सहीचा, की मृतदेह भारतात नको, तिथेच दफन करा. प्रत तिने लगेच पाठवली. म्हाताऱ्याची सही मी त्याच्या जबाबावर पाहिली होती. कागदावरची सही दुसऱ्याच हाताची होती.

म्हणजे त्या गावाला वाटत होतं, घरच्यांना सगळं माहीत आहे. म्हातारीने फोटोबरोबर काही लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काय होतं? मेलेल्यांच्या सणाला कबर कशी सजवली होती, तेवढं घरच्यांना दिसावं, म्हणून तिने फोटो पाठवला होता. तिकडे शेवंती हे कबरीवरचं फूल आहे.

त्याच दिवशी गुन्हा नोंदवला. फसवणूक, बनावट दस्तऐवज, पुरावा लपवणं आणि परदेशी नोकरीच्या कायद्याखालची कलमं. एजंटला ऑफिसातून उचललं. यावेळी त्याने कुणाची नावं घेतली नाहीत. सहीचा कागद समोर ठेवल्यावर तो टेबलाच्या कडेला नख घासत राहिला.

"सर, मारलं तर नाही ना मी त्याला."

"नाही. पुढे?"

"बॉडी आणायची म्हणजे तिकडे चौकशी. सुट्टीच्या दिवशी छपरावर का चढवला, हे निघालं असतं. ठेकेदार गेला असता, आमचं काम बंद झालं असतं. बाकीची पोरं परत आली असती, सर. त्यांचं नुकसान."

"म्हाताऱ्याला दिवाळी का सांगितलीस?"

तो पहिल्यांदा खाली बघू लागला. "तो स्वतःच म्हणाला, सर. फोटो दाखवून म्हणाला, दिवाळी हाय ना? मी फक्त हो म्हणालो."

आरोपींचं हे नेहमीचं आहे. त्यांना स्वतःचा गुन्हा एवढाच आठवतो: मी फक्त हो म्हणालो.

घरी सांगायला मी गेलो. हे काम दुसऱ्यावर टाकायचं नाही, असा माझा नियम होता. सुनेचा भाऊ आलेला होता, पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी आधी सगळ्यांना बसवलं आणि एका वाक्यात सांगितलं. लांबवलं की माणसं मध्ये आशेची जागा शोधतात. सासूने जमिनीवर हात आपटले. म्हातारा उठला, मळ्याकडे चालत गेला, पाच-दहा पावलांवर परत फिरला.

"कवा?" त्याने विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

"आन आम्ही फराळ केला."

सुनेने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. थोड्या वेळाने भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाईने तिच्या कपाळाकडे हात नेला, तेव्हा आबा जोरात ओरडले, "हात लावू नको तिला!" त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

त्या कुटुंबाला म्हातारीशी बोलायचं होतं. तपासाच्या दृष्टीने ते काही कामाचं नव्हतं. अधिकृत कागद दूतावासामार्फतच यायचे होते. तरी मी माझ्या केबिनमध्ये व्यवस्था केली. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. आबा, सासू, सून बाकावर बसले. पडद्यावर म्हातारी दिसली. डोक्याला रुमाल, अंगात काळा स्वेटर, मागे स्वयंपाकघर.

आबांनी विचारलं, "खांदा कुणी दिला?"

उत्तर आलं की गावातले आग विझवणारे, म्हणजे तिथले हौशी अग्निशमन दलवाले. चांगला गणवेश घालून. चर्चची लहान घंटा वाजवली, जी फक्त मयताला वाजवतात. पाद्रीबुवांना प्रश्न पडला होता, हा माणूस आपल्या धर्माचा नाही. मग ते म्हणाले, देवाला ठरवू दे, आपण चालत जाऊ. आणि सगळं गाव चालत गेलं.

"जाळला नाय?"

"मुकादम म्हणाला होता, यांच्यात पुरतात."

आबांनी डोळे मिटले. सासू डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तिला इचारा ना ताई, जेवायचा का तो नीट?"

म्हातारी पहिल्यांदा हसली. म्हणाली, माझं सूप त्याला पाणी वाटायचं. मिरचीची पूड आणून ओतायचा. माझ्या चुलीवर पोळ्या करायचा आणि पहिली मला द्यायचा. मी नको म्हटलं तर पुढ्यात घेऊन उभा राहायचा.

"तसाच हाय मेला," सासू म्हणाली आणि पदर तोंडात धरला.

मग म्हातारीने काहीतरी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी भाषांतर केलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय?" मी म्हणालो.

त्या हळू आवाजात सांगू लागल्या. "फोटो पाठवल्यावर यांच्याकडून एक फोटो आला होता. दारातल्या पणत्या, रांगोळी आणि ताटात गोड पदार्थ. त्यांनी तो गावात सगळ्यांना दाखवला. सांगितलं, बघा, त्याच्या घरीही त्याच्यासाठी दिवे लावले, नैवेद्य केला. आपण एकटे नाही. त्या विचारतात, बरोबर ना?"

मी पोलीस माणूस. जबाबात खरं तेच लिहायचं, हे अंगात मुरलेलं. पण इथे जबाब चालू नव्हता आणि उत्तर द्यायचा अधिकार माझा नव्हता.

सून उठली आणि पडद्याजवळ गेली.

"हो म्हणा," ती म्हणाली. "सांगा, त्यांच्यासाठीच लावले व्हते."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हातारीने मान डोलावली, छातीवर क्रूस केला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

दोषारोपपत्र आम्ही मुदतीत दाखल केलं. तिकडच्या मुकादमावर तिथे खटला चालू झाल्याचं पत्र आलं. इकडचा एजंट जामिनावर सुटला. मी निवृत्त झालो तेव्हा तारखा पडत होत्या, आजही पडत असतील. कळवणच्या मुलाला पासपोर्ट परत मिळाला, पण तो पुन्हा गेला नाही. एजंटच्या काचेच्या ऑफिसात आता चष्म्याचं दुकान आहे. या धंद्यातली दुसरी ऑफिसं अजून आहेत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. खोटं कोण बोलतंय ते शोधायचं, असं आम्हाला शिकवतात. इथे खोटं बोलणारी माणसं मोजकी होती. बाकी सगळे खरे होते. म्हातारी खरी होती, तिचा फोटो खरा होता. आबा खरे होते, त्यांची दिवाळी खरी होती. प्रत्येकाने समोरच्याचं खरं आपल्या घरच्या रीतीने वाचलं आणि त्या फटीत एक लबाड माणूस आरामात बसून राहिला. म्हणून नव्या अधिकाऱ्यांना मी सांगायचो, पुरावा हाती आला की आधी विचारा, हा जिथून आला तिथे याचा अर्थ काय होतो? त्यासाठी फार हुशारी लागत नाही. एक फोन लागतो. तो कुणीतरी करावा लागतो.

मृतदेह आणायचा का, यावर घरात बरेच दिवस वाद झाला. तिथल्या नियमाप्रमाणे कबर काही वर्षं खास परवानगीशिवाय उघडता येत नाही. शेवटी आबांनीच विषय बंद केला. म्हणाले, गावानं खांदा दिलाय, आता त्याला उठवायचा नाय. गोदावरीवर दर्भाचा पुतळा करून विधी करायचं ठरलं. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याच्यासाठी तशी सोय शास्त्रात आहे. मला बोलावणं आलं, मी गेलो.

घाटावर गर्दी होती, दोन्हीकडे दुसऱ्या कुणाकुणाचे विधी चालू होते. आबा पाटावर बसले. सून त्यांच्या शेजारी बसली. भावकीतल्या एकाने घसा खाकरला, आबांनी त्याच्याकडे पाहिलं, तो गप्प झाला. गुरुजींनी संकल्प सुरू केला. तिथी सांगितली, गोत्र सांगितलं, मयताचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "देहावसान कुठे झालं? गावाचं नाव सांगा."

आबांनी प्रयत्न केला. जमलं नाही. ते नाव आपल्या जिभेला सोपं नाही. चार व्यंजनं एकापाठोपाठ येतात आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नसते. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. परदेश म्हणतो, चालतं."

"नाय चालत," सून म्हणाली.

तिने ते नाव उच्चारलं. सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून, आणि मग पुन्हा एकदा सलग, म्हातारी फोनवर उच्चारायची तसं.

गुरुजींनी हातातलं पाणी तसंच धरून तिच्या मागून ते म्हटलं.